नौपाड्यातला रविवारचा इस्टेट एजंट

ठाण्याच्या नौपाड्यात एखाद्या सोसायटीचा पुनर्विकास मार्गी लागला, की त्या इमारतीतल्या वीस-चोवीस कुटुंबांना एकाच वेळी भाड्याचं घर शोधावं लागतं. आणि ते त्यांना लांब नको असतं. विष्णुनगर, घंटाळी, भास्कर कॉलनी, ब्राह्मण सोसायटी, फार तर पाचपाखाडी किंवा चरई. आयुष्य इथे काढलेली माणसं घोडबंदर रोडला जायला सहसा राजी होत नाहीत. त्यांना ओळखीचा डॉक्टर हवा, गोखले रोडची भाजी हवी, स्टेशनला चालत जाता यायला हवं. बिल्डर इमारत पूर्ण होईपर्यंतचं भाडं देतो, सामान हलवण्याचा खर्च देतो आणि बहुतेक करारांमध्ये एका महिन्याच्या भाड्याएवढी दलालीही वेगळी लिहिलेली असते. म्हणजे पैशांची सोय झालेली, गरज निकडीची आणि सगळा मुलूख पायी फिरण्याएवढा. नोकरी सांभाळून इस्टेट एजंटचं काम करू पाहणाऱ्याला याहून सोयीची जागा ठाणे-डोंबिवली पट्ट्यात मिळणं कठीण.

हा पुनर्विकास इथेच इतका का, हे कळलं तर धंद्याचा अंदाजही येतो. बैठी घरं आणि वाडे पाडून उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारती हा नौपाड्याचा मूळ साचा. त्यांतल्या कितीतरी इमारतींना लिफ्ट नाही. त्या बांधल्या गेल्या तेव्हा तिशीत असलेली जोडपी आज पंच्याहत्तरीत आहेत आणि तिसरा मजला त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. डिसेंबर २०२० पासून राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, मुंबई त्यात येत नाही. तिच्यामुळे थांबलेल्या बऱ्याच सोसायट्यांनी पुन्हा हिशेब मांडायला घेतला. पण नौपाड्याचा जुना अडसर रस्त्याच्या रुंदीचा. समोरचा रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, वापरता येत नाही, आणि टीडीआरशिवाय बिल्डरला परवडत नाही. त्यामुळे एकाच गल्लीतली कोपऱ्यावरची इमारत पाडली जाते आणि आतली तशीच उभी राहते.

कोणती इमारत कधी पाडली जाणार, हेच एजंटने वाचायचं असतं. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने पुनर्विकासाचे टप्पे घालून दिले आहेत: विशेष सर्वसाधारण सभा, प्रकल्प सल्लागार, निविदा, विकासकाची निवड, मग विकास कराराची नोंदणी. त्यापुढे महापालिकेची परवानगी आणि शेवटी जागा रिकामी करण्याची नोटीस. आपल्या चार-पाच गल्ल्यांतली कोणती सोसायटी यांपैकी कुठल्या टप्प्यावर आहे, याची माहिती ज्याच्याकडे असते त्याला मागणी सहा महिने आधी दिसते. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती आणि घरांची संकेतस्थळं सगळ्यांना सारखीच उघडी आहेत. ही माहिती मात्र सोसायटीच्या सेक्रेटरीशी, वाण्याशी, इस्त्रीवाल्याशी रोजचं बोलणं असलेल्या रहिवाशालाच मिळते.

याच्या शेजारीच एक दुःखाचा भाग आहे. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. त्यातली सी-१ ही वर्गवारी म्हणजे इमारत तातडीने रिकामी करायची. अशा घरातल्या माणसांना बिल्डरचं भाडं मिळत नसतं, वेळही मिळत नाही. त्यांना घर शोधून देताना पूर्ण दलाली मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याचं घर पगारावर चालतं, त्याला ती सोडणं जमण्यासारखं आहे.

आता व्यवहार कसा चालतो ते पाहू. ठाण्यात भाड्याच्या घराची दलाली रूढीने अकरा महिन्यांच्या कराराला एका महिन्याचं भाडं, अशी घेतली जाते, आणि ती घरमालक व भाडेकरू दोघांकडून स्वतंत्रपणे. ही रूढी आहे, कायदा नाही. दलालीचा दर कुठल्याही कायद्याने ठरवलेला नाही, त्यामुळे तो आधी बोलून घ्यावा लागतो. समजा भाडं ३०,००० रुपये आहे. मालक तुमच्या ओळखीचा आणि भाडेकरू दुसऱ्या एजंटचा असेल, तर धंद्याच्या भाषेत ‘साइड बाय साइड’ होतं: ज्याची पार्टी त्याची दलाली. तुमच्या हाती ३०,००० येतात. नवख्या माणसाने वर्षाला असे पाच-सहा व्यवहार केले तरी ते चांगलं काम समजावं. एप्रिल-मे महिन्यांत, शाळा बदलण्याच्या दिवसांत, दोन जमतात आणि मग दोन-तीन महिने काहीच जमत नाही. घराचा हप्ता या पैशावर लावू नये.

करार मात्र कोपऱ्यावरच्या स्टॅम्प वेंडरकडून छापील कागद आणून करायचा नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत अकरा महिन्यांची असो की तीन वर्षांची. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही’ हे वाक्य आजही ठाण्यात सर्रास ऐकू येतं, ते चूक आहे. मुद्रांक शुल्क तर अगदी थोडं असतं. मुदतीतलं एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. वरच्या उदाहरणात डिपॉझिट एक लाख धरलं तर अकरा महिन्यांसाठी साधारण साडेआठशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. अंगठ्याचं यंत्र घेऊन अधिकृत सेवा पुरवठादार घरी येतो, रात्री नऊ वाजताही. कोणालाही दुय्यम निबंधक कार्यालयात जावं लागत नाही. नोकरदार एजंटला भाड्याचा व्यवहार झेपतो तो मुख्यतः या सोयीमुळे.

सोसायटीशी बोलतानाही नियम माहीत असले की काम सोपं होतं. आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका भाड्याने देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, कळवावं मात्र लागतं. भाड्याने दिलेल्या घरावर सोसायटी लावते ते बिनवापर शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही, हे १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयापासून ठरलेलं आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यायची असते, ती द्यावीच. आणि ‘हेवी डिपॉझिट’वर, म्हणजे भाड्याऐवजी मोठी ठेव घेऊन, घर देतो म्हणणाऱ्या मालकाची मालकी पाहिल्याशिवाय कुणालाही त्याच्या दारात नेऊ नये. एकाच घरावर दोघातिघांकडून मोठी डिपॉझिट उचलल्याचे प्रकार या पट्ट्यात पुन्हापुन्हा घडतात आणि फसलेला माणूस आधी एजंटचं दार ठोठावतो.

वेळेचं गणित असं बसतं: संध्याकाळी साडेसातनंतर गाडीतून उतरल्यावर एखादं घर दाखवता येतं, शनिवारी फोन, रविवारी चार-पाच घरं. घर पाहायला येणारेही नोकरदारच असतात, त्यांनाही रविवारच हवा असतो. ज्या घरांच्या चाव्या मालक विश्वासाने आपल्याकडे ठेवतो, ती घरं सर्वांत आधी लागतात. मुलगा अमेरिकेत, आईवडील त्याच्याकडे सहा महिने गेलेले, फ्लॅट बंद, अशी घरं नौपाड्यात भरपूर. पंधरा दिवसांतून एकदा जाऊन खिडक्या उघडणं, नळ पाहणं, मेंटेनन्सची पावती पाठवणं, हे कुणी सांगितलेलं नसतं. पण ते करणाऱ्याकडे पुढे ते घर भाड्याला आणि कधीतरी विक्रीलाही येतं.

घर दाखवताना वृद्ध माणसं जे प्रश्न विचारतात, ते कुठल्याही जाहिरातीत नसतात. “अहो, लिफ्टला इन्व्हर्टर आहे का? पाणी किती वाजता येतं? रिक्षा दारापर्यंत येते ना? घंटाळीच्या देवळात चालत जाता येईल का आम्हाला?” राम मारुती रोडच्या आतल्या बाजूच्या कोणत्या इमारतीत सकाळी साडेसहाला पाणी येतं, हे सांगता येणं ही एजंटची खरी विद्या. ती मिळवायला भांडवल लागत नाही, बरीच वर्षं एका ठिकाणी राहावं लागतं.

परवान्याविषयी फार गोंधळ आहे. स्थावर संपदा कायदा, २०१६ चं कलम ९ म्हणतं, की नोंदणीकृत प्रकल्पात प्रवर्तक विकत असलेली सदनिका किंवा भूखंड यांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करायची तर एजंटने आधी नोंदणी घेतली पाहिजे. म्हणजे जुन्या इमारतीतलं घर भाड्याला लावणं या कलमात येत नाही, आणि तीस वर्षांपूर्वीच्या सोसायटीतला फ्लॅट एका माणसाने दुसऱ्याला विकणंही येत नाही. पण त्याच सोसायटीचा पुनर्विकास होऊन बिल्डरच्या वाट्याचे फ्लॅट विक्रीला निघाले, की ते नोंदणीकृत प्रकल्पातलं घर झालं. तिथे एखाद्या नातेवाईकाला नेऊन बिल्डरकडून दलाली घेतली तरी नोंदणी हवी. न घेता काम केलं तर कलम ६२ प्रमाणे दिवसाला १०,००० रुपये दंड, तो वाढत त्या घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ‘मी काही एजंट नाही, फक्त ओळख करून दिली’ हा बचाव चालत नाही, कारण ओळख करून देऊन मोबदला घेणं यालाच कायदा एजंटचं काम समजतो.

महाराष्ट्रात व्यक्तीसाठी नोंदणीची फी १०,००० रुपये आहे आणि नोंदणी पाच वर्षं टिकते. महारेरा या राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाने जानेवारी २०२३ च्या आदेशाने नोंदणीआधी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. परीक्षा मराठीतही देता येते. कार्पेट क्षेत्रफळ कशाला म्हणतात, करार नोंदवण्याआधी बिल्डर १० टक्क्यांहून जास्त रक्कम का घेऊ शकत नाही, प्रकल्पाच्या पानावर काय पाहायचं, असा सगळा उपयोगाचा अभ्यास असतो. माझा आग्रह असा, की फक्त भाड्याचंच काम करणाऱ्यानेही ही परीक्षा द्यावी. दोन रविवारांच्या अभ्यासाने माणूस शंभर प्रश्नांची ठाम उत्तरं देऊ लागतो.

याआधी एक गोष्ट तपासायला हवी: आपली नोकरी हे काम करू देते का? खासगी कंपनीत नेमणूकपत्रातली अट वाचावी. सरकारी नोकराला केंद्राचे १९६४ चे वर्तणूक नियम, राज्याचे १९७९ चे वर्तणूक नियम लागू असतात आणि परवानगीशिवाय दुसरा धंदा करता येत नाही. मग ‘बायकोच्या नावाने नोंदणी करतो’ हा मार्ग सुचवला जातो. पत्नीने स्वतः धंदा करायला हरकत नाही, कार्यालयाला कळवावं लागतं इतकंच. पण केंद्राच्या नियम १५ मध्ये कुटुंबीयांच्या विमा एजन्सी किंवा कमिशन एजन्सीसाठी सरकारी नोकराने गिऱ्हाइकं मिळवणं स्पष्टपणे निषिद्ध आहे. नाव तिचं आणि फोन याचा, हे त्या नियमात बसत नाही. ती खरोखर काम करणार असेल तर चित्रच वेगळं. नौपाड्यात दुपारी घरं दाखवू शकणाऱ्या, शेजारपाजारात विश्वास असलेल्या गृहिणी हे काम नोकरदार पुरुषांपेक्षा चांगलं करतील, यात मला शंका वाटत नाही.

जुन्या फ्लॅटच्या विक्रीत दलाली मोठी असते. रूढीने एक ते दोन टक्के. सव्वा कोटीच्या घरावर एक टक्का म्हणजे सव्वा लाख. पण टोकनपासून ताब्यापर्यंत दोन-तीन महिने जातात, बँक, वकील, नोंदणी ही कामं आठवड्याच्या मधल्या दिवशी येतात आणि रजा खर्च होतात. आणि नौपाड्यातल्या जुन्या घरांच्या कागदांत बहुधा एखादी गाठ असतेच. सर्वांत नेहमीची गाठ वारसाची. शेअर सर्टिफिकेट वडिलांच्या नावावर, वडील गेलेले, नामनिर्देशन थोरल्या मुलाचं. तो म्हणतो, “घर माझंच आहे.” तसं नसतं. नामनिर्देशित व्यक्ती ही विश्वस्त असते, मालकी सगळ्या वारसांची. २०१९ च्या दुरुस्तीने सहकार कायद्यातही अशा व्यक्तीला तात्पुरतं सभासदत्वच मिळतं. पुण्यातल्या बहिणीचं आणि न्यू जर्सीतल्या भावाचं हक्कसोडपत्र झाल्याशिवाय त्या घराचं टोकन घेऊ देऊ नये.

दुसरी गाठ परदेशी राहणाऱ्या विक्रेत्याची. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर घेताना खरेदीदार एक टक्का कर कापून भरतो, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर हा एक टक्का लागू नाही. कापायचा दर कितीतरी जास्त असतो आणि तो न कापल्यास आयकर खातं खरेदीदाराला पकडतं. विक्रेत्याने कमी दराचं प्रमाणपत्र आधी घेतलं तर दोघांचीही सुटका होते, पण त्याला वेळ लागतो. हे पहिल्या भेटीतच सांगणारा एजंट वेगळा उठून दिसतो. खरेदीदाराला ठाण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांच्या आसपास येतं, त्यात मेट्रोचा एक टक्का अधिभार आहे, खरेदी एकट्या महिलेच्या नावे असेल तर एक टक्का सवलत. नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये. हा सगळा आकडा घर पसंत पडण्याआधी कागदावर लिहून द्यावा.

पागडीच्या खोल्यांच्या वाटेला अर्धवेळ काम करणाऱ्याने जाऊ नये. ते वेगळं शास्त्र आहे.

आणि नवे प्रकल्प? सर्वांत मोठं आमिष तिथे आहे. बिल्डर एजंटला ‘चॅनेल पार्टनर’ करून घेतो, दर बुकिंगमागे दोन-तीन टक्के देतो, कागदपत्रं त्याचं विक्री कार्यालय पाहतं, एजंटने फक्त माणसं आणायची. सोपं वाटतं. याचा धोका डोंबिवलीने दाखवून दिला आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून ६५ इमारतींनी महारेराची नोंदणी मिळवल्याचं एका वास्तुविशारदाने जनहित याचिकेतून उघड केलं. २०२२ मध्ये गुन्हे दाखल झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बांधकामांवर पाडकामाची कारवाई करण्याचा आदेश दिला. त्या घरांत हजारो कुटुंबं राहत होती, अनेकांनी बँकेचं कर्ज काढलेलं होतं. नोंदणी क्रमांक खरा, संकेतस्थळावर प्रकल्प दिसतो, बँक कर्ज देते, आणि तरीही इमारत बेकायदा, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ज्यांनी ही घरं घेतली, त्यांतल्या अनेकांना तिथे कुणीतरी एजंटच घेऊन गेला असणार.

म्हणून नुसता महारेरा क्रमांक पाहून थांबायचं नाही. बांधकाम परवानगीचा क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात ती परवानगी खरोखर दिली आहे का, हे विचारायचं. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा. सातबारा किंवा मालमत्तापत्रकावर जमीन कुणाची आहे ते पाहायचं. पूर्णवेळ एजंटवर ऑफिसचं भाडं, पोरांचे पगार, महिन्याचा आकडा यांचं ओझं असतं. ‘थांबा, चौकशी करू’ म्हणणं त्याला महाग पडतं. पगारदाराला ते म्हणता येतं. पहिल्या तारखेला पैसे खात्यात येतातच, त्यामुळे शंका आली तर सौदा मोडू देणं त्याला परवडतं. अर्धवेळ काम हा कमीपणा मानला जातो, पण गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलं तर एजंटकडे यापेक्षा मोलाचं दुसरं काही नसतं. दुर्दैव असं, की अनेकजण नोकरीची ही ताकद वापरायची सोडून पहिल्याच वर्षी बिल्डरच्या बुकिंगमागे धावतात.

एजंट नक्की कुणाच्या बाजूचा, हा हितसंबंधांचा प्रश्न सिंगापूरने कायद्यानेच सोडवला. २०१० च्या कायद्याप्रमाणे तिथे एकाच व्यवहारात एजंटला दोन्ही बाजूंचं प्रतिनिधित्व करता येत नाही आणि घराच्या विक्रीचे पैसेही स्वतःकडे घेता येत नाहीत. आपल्याकडे दोन्ही बाजूंची दलाली रूढ आहे. ती घ्यायची तर दोघांनाही आधी सांगून घ्यावी. पण पैशांना हात न लावण्याचा नियम मात्र उद्यापासून पाळता येईल. टोकन खरेदीदाराकडून थेट विक्रेत्याच्या खात्यात, चेकने किंवा ऑनलाइन. तसंही घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख आगाऊ घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, घेतलेल्या रकमेएवढाच दंड होऊ शकतो.

स्वतःच्या दलालीचा हिशेबही असाच उघडा ठेवावा. ही कमाई धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवावी लागते. छोट्या धंद्यांना अंदाजे नफा दाखवण्याची जी सवलत आहे, ती दलालीला मिळत नाही, म्हणून फोन, प्रवास, जाहिरात यांच्या खर्चाची नोंद वर्षभर ठेवायला हवी. आयकर विवरणपत्राचा पगारदाराचा नेहमीचा सोपा फॉर्म चालत नाही. बिल्डर किंवा कंपनी दलाली देताना कर कापते, तो विवरणपत्रात मोजून घ्यावा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर जीएसटी नोंदणीची गरज पडत नाही. आणि घर दाखवायला निघण्याआधी व्हॉट्सअॅपवर एक निरोप पाठवावा: घराचा पत्ता, मागितलेलं भाडं किंवा किंमत, माझी दलाली इतकी, ती करार नोंदवल्याच्या दिवशी द्यायची, समोरच्या बाजूकडूनही मी इतकी घेणार आहे. समोरून ‘ठीक आहे’ आलं की चाव्या घेऊन निघायचं.